न्यूनहॅममध्ये शिकायला जायचं तर: अर्जापासून खोलीपर्यंत

न्यूनहॅम हे इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाचं एक कॉलेज. केंब्रिजला अर्ज करताना बहुतेक मुली अडखळतात त्या ‘कॉलेज’ निवडण्याच्या रकान्यापाशी. आपल्याकडे कॉलेज बदललं की प्राध्यापक बदलतात. तिथे व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी हे सगळं विद्यापीठाचं. प्रवेश, खोली, जेवण आणि एक ते तीन विद्यार्थ्यांना मिळून होणारी शिकवणी, म्हणजे सुपरव्हिजन, ही कॉलेजची जबाबदारी. न्यूनहॅम फक्त मुलींचं आहे म्हणजे राहणं मुलींबरोबर. व्याख्यानाला ट्रिनिटी कॉलेजचा मुलगा शेजारच्या बाकावर असणारच. घरच्यांना हे आधी समजावून सांगा.

या विभागणीची झळ मुलींनी पुष्कळ सोसली आहे. १८७१मध्ये केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी भाड्याने घेतलेल्या घरात अ‍ॅन जेमायमा क्लफ यांच्या देखरेखीखाली पाच मुली राहायला आल्या, तिथून न्यूनहॅमची सुरुवात. १८८१मध्ये परीक्षेला बसण्याचा हक्क मिळाला, पदवीचा नाही. १८९०मध्ये फिलिपा फॉसेट गणितात पहिल्या आलेल्या मुलाच्याही वर आली, तरी पदवी नाहीच. १९२१मध्ये पूर्ण पदवीचा ठराव पडला, आणि जिंकलेल्या बाजूच्या मुलांनी न्यूनहॅमचं ब्राँझचं फाटक फोडलं. (हरले असते तर काय केलं असतं कोण जाणे.) त्यानंतर मुलींना नुसता पदवीचा किताब मिळू लागला, पूर्ण पदवी आली १९४८मध्ये. दुर्गा भागवतांच्या भगिनी कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, न्यूनहॅममधून १९३९मध्ये पीएच.डी. झाल्या, त्या या किताबाच्या काळात. विद्यापीठाची दारं अर्धीच उघडी असल्यामुळे कॉलेजला स्वतःची प्रयोगशाळा आणि मोठं ग्रंथालय उभारावं लागलं. ग्रंथालय आजही खोलीपासून चालत दोन-पाच मिनिटांवर आहे, आणि निबंधाच्या आदल्या रात्री त्याची किंमत कळते.

आता अर्ज. तो यूकासच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे प्रवेशअर्ज घेणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर करायचा. केंब्रिजचा कोड सी०५, आणि कॉलेजच्या रकान्यात न्यूनहॅम. एकाच वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे पदवीसाठी अर्ज चालत नाही. अंतिम मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या घड्याळात संध्याकाळी सहा, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. चूक इथे होते: तुमचा भाग वेळेत भरला तरी शिक्षकांचं शिफारसपत्र जोडल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. सहामाही परीक्षेच्या गडबडीत शिक्षक सापडत नाहीत, म्हणून पत्र ऑगस्टमध्येच मागून ठेवा. विज्ञान, अभियांत्रिकी, कायदा, वैद्यक अशा बऱ्याच विषयांना वेगळी प्रवेशचाचणी असते. तिची नोंदणी यूकासच्या आधी बंद होते आणि ती आपोआप होत नाही. बारावी राज्य मंडळाची असेल तर ते गुण चालतील का, हे कॉलेजच्या प्रवेश विभागाला ईमेल करून अकरावीतच विचारा.

मुलाखती साधारण डिसेंबरात. पाठ केलेली उत्तरं तिथे उपयोगाची नाहीत. न पाहिलेला प्रश्न देऊन तुम्ही मोठ्याने विचार कसा करता ते पाहतात. निवडलेल्या कॉलेजात जागा उरली नाही पण उमेदवार चांगली असेल, तर अर्ज ‘पूल’मध्ये जातो आणि दुसरी कॉलेजं तो पाहतात. न्यूनहॅम पूलमधून बऱ्याच मुली घेतं. तेव्हा दुसऱ्या कॉलेजचं नाव घालूनही न्यूनहॅमचं पत्र येऊ शकतं. ते दुय्यम समजून नाकारू नका, पदवी तीच असते. खर्चाचा हिशेब करताना परदेशी विद्यार्थिनींना विद्यापीठाच्या फीखेरीज कॉलेजची वेगळी फी असते, हे धरा.

सत्र आठ आठवड्यांचं, आणि शिकवण्याचा आठवडा गुरुवारी सुरू होतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक सत्रात ठरावीक इतक्या रात्री शहराच्या मध्यावरच्या ग्रेट सेंट मेरी चर्चपासून तीन मैलांच्या आत राहायचं असतं. मावशी लंडनला राहते म्हणून तिच्याकडून रोज ये-जा करू, हे जमत नाही. दर आठवड्याला निबंध किंवा गणितांचा संच. एक राहिला की पुढचा त्याच्यावर चढतो, आणि पाचव्या आठवड्यात बहुतेकींचा धीर सुटतो. तसं झालं तर विषयाचं बोलणं डायरेक्टर ऑफ स्टडीजशी, तब्येत-पैसा-घरचं बोलणं ट्यूटरशी. दोघांची कामं वेगळी आहेत. चुकीच्या माणसाकडे गेलं की आठवडा वाया.

खोलीत शेगडी किंवा हीटर नेऊ नका. स्वयंपाक मजल्यावरच्या सामायिक किचनमध्ये, आणि फोडणी दार लावूनच; धूर कॉरिडॉरमध्ये गेला की अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत थंडीत अंगणात उभी राहते. आपले गोल पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, दोन अडॅप्टर पुरतात. सायकल तिथेच जुनी घ्या, पण पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लावल्याशिवाय अंधारात काढू नका, दंड होतो. सिजविक साइट या विद्यापीठाच्या इमारतींच्या आवारातले विषय असतील तर सायकल नसली तरी चालेल, रस्ता ओलांडला की वर्ग.

घराचं तिकीट काढण्याआधी खोलीच्या करारातली शेवटची तारीख पाहा. सत्र संपलं की बऱ्याचदा खोली रिकामी करावी लागते. सुटीत तिथेच राहायचं असेल तर परवानगी आधी मागायची, आणि सामान ठेवायला जागा मिळेल का तेही त्याच ईमेलमध्ये विचारायचं.