हंबरडा हा शब्द नेमका कुठे वापरायचा

आजकाल कुणाची ऑनलाइन ऑर्डर कॅन्सल झाली तरी लोक ‘हंबरडा फोडला’ लिहितात, मला ते वाचून खरंच वाईट वाटतं, कारण इतकं जड दुःख पेलणारे शब्द आपल्याकडे मोजकेच आहेत.

मूळ क्रियापद आहे हंबरणं. वासरू नजरेआड गेलं की गाय मान वर करून लांबलचक ओरडते ना, ते. माणसाच्या तोंडून तसा आवाज निघतो तेव्हा तो हंबरडा, त्यात शब्द नसतात, नुसता आवाज. म्हणून डोळे पाणावले, हुंदका दाटला, मुसमुसून रडली, यातलं काहीच हंबरडा नाही. आजोबा गेले तेव्हा आजी दिवसभर गप्प होती, रडलीसुद्धा नाही, आणि संध्याकाळी उशीखाली त्यांचा चष्मा हाताला लागला तेव्हा जो आवाज आला तो घरातला प्रत्येकजण आजही विसरलेला नाही. त्याला मी हंबरडा म्हणेन, दिवसभराच्या त्या गप्प बसण्याला नाही.

वापरताना क्रियापद जवळजवळ नेहमी ‘फोडणे’ घ्या. हंबरडा मारला किंवा केला असं सहसा कुणी म्हणत नाही. शब्द पुल्लिंगी आहे, म्हणजे ‘तिने हंबरडा फोडला’, आणि प्रत्यय लागला की ‘तिच्या हंबरड्याने’. ‘एकच हंबरडा फोडला’ यातला एकच म्हणजे मोजून एक नव्हे बरं का, तो जोर दाखवायला येतो.

आणि हा शब्द बघणाऱ्याचा आहे. ‘मी हंबरडा फोडला’ व्याकरणात बसतं पण कानाला खटकतं, स्वतःबद्दल सांगताना ‘मी धाय मोकलून रडलो’ जास्त खरं वाटतं. सांत्वनाच्या मेसेजमध्ये तर तो नकोच, तिथे ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ एवढं पुरे.

जवळचे शब्द पण सांभाळून. टाहो फोडणं दुःखासाठी चालतं, पण आता कळकळीच्या मागणीसाठीही सर्रास येतं. ‘गळा काढणे’ मात्र शोक करणाऱ्या माणसाबद्दल चुकूनही लिहू नका, त्याचा अर्थ मोठ्याने रडणं असला तरी त्यात बऱ्याचदा रडण्याचं नाटक केल्याचा वास येतो आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला ते फार लागतं.