हिपॅटायटिस बीचे रिपोर्ट कसे लावून वाचावेत

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या लॅबमधून पाकीट घेऊन निघालेला माणूस जिन्यातच ते फाडतो आणि ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ या ठळक शब्दापाशी थबकतो. वास्तविक त्या कागदावर अधिक फसवा शब्द ‘निगेटिव्ह’ हा असतो, तो कसा ते पुढे येईलच.

आधी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत. एचबीएसएजी, म्हणजे विषाणूचे पृष्ठभागी प्रथिन, जुने डॉक्टर ज्याला ऑस्ट्रेलिया अँटीजेन म्हणतात ते, सहा महिन्यांहून अधिक काळ रक्तात टिकले तर आजार दीर्घकालीन मानतात. म्हणून पहिला कागद कधीही टाकू नये.

अँटी-एचबीसी, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीराने बनवलेले प्रतिपिंड, लशीने येत नाही, प्रत्यक्ष संसर्गानेच येते. संरक्षण देणारे प्रतिपिंड म्हणजे अँटी-एचबीएस, आणि त्याचे प्रमाण १० (मिलि-आययू प्रति मिलिलिटर) किंवा अधिक असावे लागते. दीर्घकालीन रुग्णात ते सहसा सापडत नाही, कारण विषाणूचे पृष्ठभागी प्रथिन रक्तात इतके वाहत असते की तयार झालेले थोडेफार प्रतिपिंडही त्यातच अडकून पडते. लस घरच्यांची तपासणी करून त्यांना द्यावी. रुग्णाला तिचा उपयोग नाही.

आता तो फसवा शब्द: ‘एचबीईएजी निगेटिव्ह’, म्हणजे विषाणू वाढताना रक्तात सुटणारे ई-अँटीजेन हे प्रथिन सापडले नाही. विषाणूचा डीएनए जेमतेम ३,२०० अक्षरांचा असतो आणि त्याची नक्कल आरएनएवरून करणारे एन्झाइम स्वतःच्या चुका तपासत नाही. १८९६ व्या जागी ‘जी’चा ‘ए’ झाला की ई-अँटीजेन बनणे थांबते, विषाणूची वाढ मात्र चालूच राहते. भारतात आढळणाऱ्या ‘डी’ जनुकप्रकारात हा बदल नेहमीचा आहे. त्यामुळे अँटी-एचबीई (ई-अँटीजेनविरुद्धचे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आले म्हणून पेढे वाटण्याआधी व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) पाहावे: लोड मिलिलिटरमागे २,००० आययूच्या (आंतरराष्ट्रीय एककांच्या) वर आणि एसजीपीटी वाढलेले, तर आजार जागा आहे. एसजीपीटीची मर्यादा लॅबच्या छापील रकान्यावरून ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ती पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरली आहे.

व्हायरल लोडची एक चाचणी ठाण्यात आणि दुसरी वाशीत केली असेल, तर आकड्याशेजारचे एकक आवर्जून वाचावे. एक आययू म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या सुमारे पाच कॉपीज (प्रती). २,००० चे १०,००० झाले म्हणून रात्रभर जागण्याचे कारण कधीकधी एवढेच असते.

आणि टेनोफोविर ही विषाणूरोधक गोळी घेताना लोड ‘आढळला नाही’ असे आले, तरी गोळी स्वतःहून बंद करू नये. यकृतपेशीच्या केंद्रकात विषाणूचे मूळ गोल डीएनए शिल्लक असते, गोळी तिथवर पोहोचत नाही आणि रक्ताच्या या चाचणीत ते दिसतही नाही.