तालुका न्यायालयातली बत्तीस वर्षे: न्यायसेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी

तीन वर्षांच्या वकिलीनंतर 1991 साली मी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून रुजू झालो आणि 2023 मध्ये, वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, जिल्हा न्यायाधीश पदावरून निवृत्त झालो. पहिल्या नेमणुकीच्या गावी सरकारी निवासस्थान रिकामे नव्हते, म्हणून न्यायालयाचा कारभार पाहणाऱ्या नाझरांनी भाड्याचे एक घर पाहून ठेवले होते. घर हवेशीर होते, परसात विहीर होती आणि भाडेही परवडणारे होते. पत्नीने स्वयंपाकघरात मांडणी कुठे लावायची हेसुद्धा ठरवले होते. मी घरमालकांचे नाव कार्यालयात कळवून चौकशी केली, तेव्हा त्यांच्या भावकीतील वाटपाचा दावा माझ्याच न्यायालयात आठ वर्षांपासून चालू असल्याचे समजले. आम्ही ते घर नाकारले आणि पुढची तीन वर्षे बाजारपेठेतील दोन खोल्यांत काढली.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण ज्या गावाचे सुखदुःख न्यायाधीशाला रोज कान देऊन ऐकायचे असते, त्याच गावापासून त्याला आणि त्याच्या घरच्यांना अंतर राखून राहावे लागते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे हाच या नोकरीचा खरा अभ्यास आहे आणि तो परीक्षेच्या पुस्तकांत सापडत नाही.

परीक्षेविषयी थोडक्यात सांगतो. भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होत आली आहे. चाळणी परीक्षेनंतर प्रत्येकी 100 गुणांचे दोन लेखी पेपर आणि 50 गुणांची मुलाखत, असे तिचे स्वरूप राहिले आहे. मधली अनेक वर्षे नव्या पदवीधरांना थेट परीक्षा देता येत होती. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही अट ऐकून अनेक तरुण नाराज झाले आहेत, परंतु माझे मत त्या अटीच्या बाजूने आहे. पहाटे एस.टी.ने निघून तालुक्याला आलेला पक्षकार दिवसभर बाकावर बसतो आणि संध्याकाळी केवळ पुढची तारीख घेऊन परत जातो, हे ज्याने वकील म्हणून त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे, तो न्यायपीठावर बसल्यावर तहकुबीच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. म्हणून ही तीन वर्षे केवळ प्रमाणपत्रासाठी न घालवता एखाद्या ज्येष्ठ दिवाणी वकिलांकडे काढावीत, दावे आणि कैफियती (प्रतिवादीची लेखी उत्तरे) स्वतः लिहाव्यात आणि निदान एक दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, न्यायालयाचे आदेश बजावणाऱ्या बेलिफाबरोबर प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावी.

निवड झाल्यावर उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण मिळते. तेथे कायदा चांगला शिकवतात. साक्षीदाराचे बोलणे ऐकण्याची सवय मात्र न्यायपीठावरच लागते, आणि ती लागायला मला काही वर्षे गेली.

सोलापूरकडील एका तालुक्यात माझ्यापुढे जमिनीच्या ताब्याचा दावा होता. बारा वर्षांहून अधिक काळ जमीन मालकाप्रमाणे आपल्या ताब्यात आहे, म्हणून ती आता आपलीच झाली, असे प्रतिवादीचे म्हणणे होते. त्याचा वृद्ध साक्षीदार उलटतपासात म्हणाला, "आमी ती अर्धेलीनं करत हुतो, साहेब." मी लघुलेखकाला सांगितले, "सदर जमीन आम्ही कसत होतो." वाक्य शुद्ध झाले आणि त्यातला प्राण गेला, कारण अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, करणारा मालकाला मालक मानूनच जमीन करतो, आणि प्रतिवादीची सारी भिस्त नेमकी मालकाला न मानण्यावर होती. वादीचे वृद्ध वकील शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, साक्षीदार अर्धेलीनं म्हणाला." मी दुरुस्ती केली, जबाब साक्षीदाराला वाचून दाखवला आणि मगच स्वाक्षरी घेतली. ते वकील त्या दिवशी आजारी असते, तर एका कुटुंबाची जमीन माझ्या शुद्ध मराठीने गेली असती. ही चूक माझी होती आणि तिची आठवण मला निवृत्तीपर्यंत पुरली.

त्यानंतर मी प्रत्येक नेमणुकीच्या ठिकाणी एक वही ठेवू लागलो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात त्याला विदर्भात धुरा म्हणतात, कोकणात हद्दीचा दगडी गडगा असतो, आणि वहिवाट हा एकच शब्द कोणी ताब्यासाठी वापरतो, तर कोणी रस्त्याच्या हक्कासाठी. असे शब्द कानावर पडले की साक्षीदारालाच अर्थ विचारावा आणि त्याचा शब्द आहे तसा अवतरणात लिहून ठेवावा. 21 जुलै 1998 च्या शासकीय अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, ती माझ्या दृष्टीने पक्षकारांच्या फार मोठ्या सोयीची गोष्ट होती. पण आपण मराठी लिहितो म्हणून साक्षीदाराचीच मराठी लिहितो असे होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतील 2002 च्या दुरुस्तीनंतर तर सरतपास, म्हणजे साक्षीदाराची आपल्याच बाजूने दिलेली पहिली साक्ष, शपथपत्रावर येतो, म्हणजे वकिलांच्या कार्यालयात तयार झालेल्या भाषेत येतो. साक्षीदार स्वतःच्या तोंडाने प्रथम बोलतो तो उलटतपासात. त्या वेळी न्यायाधीशाने दुसऱ्या प्रकरणाच्या रोजनाम्यावर (कामकाजाच्या तारीखवार नोंदीवर) सह्या करत बसू नये.

फौजदारी कामात हेच ऐकणे फार थोड्या वेळात करावे लागते. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले पाहिजे, हे संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्येच सांगितले आहे, त्यामुळे रिमांड, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवण्याची मागणी, सुटीच्या दिवशीही येते आणि पुष्कळदा घरी येते. पोलिसांचा अर्ज नीट टंकलिखित असतो, आणि समोर उभा असलेला माणूस बहुधा घाबरलेला असतो. मी पोलिसांना थोडे लांब उभे राहायला सांगून आरोपीला तीन गोष्टी विचारत असे: मारहाण झाली का, घरी कोणाला कळवले आहे का, आणि वकील आहे का. वकील नसेल तर विधी सेवा समितीच्या वकिलांना बोलावून घेत असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता सुरुवातीच्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे आधी किती दिवस दिले गेले आणि आता नेमक्या कोणत्या तपासासाठी कोठडी हवी आहे, हे प्रत्येक वेळी केस डायरीतून, म्हणजे पोलिसांच्या तपासाच्या रोजच्या नोंदीतून, तपासण्याची जबाबदारी वाढली आहे. एका दिवाळीत आमच्या ओसरीवर आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या आरोपीला माझ्या मुलीने आतून पाणी आणून दिले. तिला कोणी सांगितले नव्हते. आदेश देऊन झाल्यावर ती फक्त एवढेच म्हणाली, "बाबा, तो दादा जेवला असेल का?" पुढे मी तो प्रश्नही आरोपीला विचारायच्या माझ्या तीन प्रश्नांमध्ये मिळवला.

मुलीचा विषय निघाला म्हणून घरच्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण निवडीच्या आनंदात याचा विचार कोणी करत नाही. साधारण तीन वर्षांनी बदली होते. बदल्यांचे आदेश बहुधा उन्हाळ्यात निघतात आणि जूनमध्ये नव्या गावी शाळा शोधावी लागते. माझ्या मुलीने दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या. पत्नी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असे. दुसऱ्या बदलीनंतर तिने ती नोकरी सोडली, आणि तो निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो, तरी त्याची किंमत तिनेच मोजली हे आज स्पष्ट लिहिले पाहिजे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1871 मध्ये पुण्यात न्यायाधीश झाले, 1878 मध्ये त्यांची नाशिकला आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला बदली झाली, आणि रमाबाई त्या दोन्ही बिऱ्हाडांत त्यांच्याबरोबर होत्या. म्हणजे बदलीच्या गावचे बिऱ्हाड ही आपल्याकडे दीडशे वर्षांची जुनी गोष्ट आहे. आज मात्र पती आणि पत्नी दोघांच्याही नोकऱ्या असतात, म्हणून लग्नापूर्वीच याविषयी मोकळेपणाने बोलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गावात हळदीकुंकू, बारसे, मुंज यांची बोलावणी येतात. आम्ही न्यायालयातील सहकाऱ्यांच्या घरी जात असू, इतरत्र पत्नी नम्रपणे नकार देत असे, आणि त्यामुळे तिला शिष्ट ठरवले जाई. एकटेपणा न्यायाधीशापेक्षा त्याच्या जोडीदाराला अधिक येतो, कारण न्यायाधीशाचा दिवस निदान माणसांत जातो. तिने तिसऱ्या गावापासून निवासस्थानाच्या आवारात शिपाई आणि बेलिफ यांच्या मुलांची संध्याकाळची शिकवणी विनामूल्य सुरू केली आणि ती शेवटपर्यंत चालवली.

नातेवाईकांचा प्रश्न वेगळा असतो. माझ्या एका जवळच्या नातलगांनी एका प्रकरणाविषयी फोन केला, तेव्हा मी त्यांना वाक्य पूर्ण करू दिले नाही. दुसऱ्याच दिवशी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवून ते प्रकरण दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्याची विनंती केली. ते नातलग चार वर्षे आमच्याकडे आले नाहीत. अशा वेळी तोंडी नकारावर थांबू नये, लेखी कळवावे, कारण पुढे एखाद्याने तक्रार केली तर तोच कागद आपली बाजू सांगतो.

वाटपाच्या दाव्यांबद्दल एक गोष्ट राहिली. हिस्सा ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला की आपले काम संपले असे तरुण न्यायाधीशांना वाटते. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, मग मोजणी होते, हरकती येतात आणि त्यात पुन्हा वर्षे जातात. म्हणून पहिल्या नेमणुकीवर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आपल्या न्यायालयातील सर्वांत जुना दावा आणि सर्वांत जुनी दरखास्त मागवून घ्यावी आणि दोन्हींचा रोजनामा पहिल्या पानापासून वाचावा. दावा दाखल झाला तेव्हा वादीचे वय किती लिहिले आहे आणि आज ते किती असेल, हा हिशेब त्याच वेळी कागदावर मांडावा, आणि सोमवारच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, ते प्रकरण पहिल्या क्रमांकावर घ्यावे.