अंगावर येणारा चेंडू: नवीन बॅटरचा पहिला धडा

मी मुलांना बेसबॉल शिकवते. नवीन मूल आलं की पहिले दोन दिवस मी त्याला फटका मारू देत नाही, आधी अंगावर येणाऱ्या चेंडूपासून वळायला शिकवते. मुलं कंटाळतात, पालक कुरकुरतात, तरी मी ऐकत नाही. मोठ्यांच्या मैदानावर पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पट्टी आणि बॅटर उभा राहतो ती होम प्लेट यांत १८.४४ मीटर अंतर असतं. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो, आणि क्रिकेटसारखा टप्पा न घेता थेट येतो. तेवढ्यात विचार करायला फुरसत नसते. अंगात जे मुरलंय तेच होतं.

रे चॅपमनची गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. १६ ऑगस्ट १९२०, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान. क्लीव्हलंड संघाचा हा खेळाडू प्लेटला खेटून, वाकून उभा राहायचा. समोर यांकीज संघाचा पिचर कार्ल मेज, हात पार खाली नेऊन फेकणारा. पाचव्या इनिंगमध्ये चेंडू चॅपमनच्या डोक्यावर बसला. आवाज इतका टणक आला की मेजला वाटलं, बॅटलाच लागला. घरंगळत आलेला चेंडू उचलून त्याने बॅटरला बाद करायला पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला. डोक्यावर होती फक्त कापडी टोपी. तो जागचा हललाच नाही, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. त्याला चेंडू दिसलाच नसावा, असं मला वाटतं. तेव्हा एकच चेंडू मातीने, थुंकीने काळाकुट्ट होईपर्यंत वापरत. म्हणून सरावाला मळका चेंडू दिसला की मी तो आधी बाजूला काढते.

आता वळणं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खांदा पिचरकडे असतो. चेंडू अंगावर येतोय असं दिसलं की तो खांदा आत, कॅचरच्या (प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) दिशेने वळवायचा. हनुवटी छातीत घालायची. गुडघे वाकवायचे, बॅट खाली न्यायची आणि हात पोटाशी लपवायचे, कारण बोटांची हाडं फार सहज मोडतात. पाठ पिचरकडे आली पाहिजे. लागलाच तर चेंडू पाठीच्या नाहीतर मांडीच्या मांसल भागावर लागावा. बहुतेक मुलं आपोआप याच्या उलट करतात. छाती पिचरकडे उघडतात, मागे झुकतात आणि तोंड वर करून चेंडू बघत राहतात. ही सवय मोडायलाच दोन दिवस लागतात.

सरावाला मी टेनिसचा चेंडू घेते. पाच-सहा पावलांवरून, हेल्मेट घालायला लावूनच, हळूहळू फेकते. तीन सरळ, मग एक अंगावर, मग पुन्हा सरळ. क्रम कळू द्यायचा नाही. नाहीतर मूल आधीच वळून उभं राहतं आणि शिकत काहीच नाही.

हेल्मेटची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. चॅपमन गेला १९२० साली, आणि मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं १९७१ साली. जुन्यांना सूट होती, त्यामुळे बॉब मॉन्टगोमेरी १९७९ पर्यंत हेल्मेटशिवाय खेळला. मधल्या काळात, १८ ऑगस्ट १९६७ ला, बोस्टनच्या फेनवे पार्कवर टोनी कॉनिग्लिआरोच्या डाव्या गालावर चेंडू बसला. वय अवघं २२. हेल्मेट होतं, पण कान-गाल झाकणारी पट्टी नव्हती. गालाचं हाड मोडलं, डोळ्याच्या पडद्याला इजा झाली, पुढचा अख्खा हंगाम गेला. नव्या खेळाडूंना कानपट्टी सक्तीची झाली ती १९८३ साली.

म्हणून हेल्मेट घालून दाखव म्हटलं की मी नुसतं बघत नाही, हात लावून तपासते. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. आत टोपी नको, डोक्यावर अंबाडा नको. खाली वाक, मान जोरात हलव: हेल्मेट डोक्याबरोबरच हललं पाहिजे, डोकं हलल्यावर नंतर नाही. आतल्या गाद्या दोन्ही बाजूंना टेकल्या पाहिजेत. बारीक तडा दिसला तरी ते हेल्मेट बाद, कितीही नवं असो.

हे मी एका चुकीतून शिकले. एका मुलीला मोठ्या भावाचं सैल हेल्मेट घालून मी उभं राहू दिलं होतं. चेंडू कडेला लागला, हेल्मेट गर्रकन फिरलं आणि कानपट्टीच तिच्या नाकावर आपटली. रक्त पुसताना ती म्हणाली, "ताई, मी वळले होते ना?" वळली होती, अगदी बरोबर. चूक माझी होती.

डोक्याला लागलं तर मुलाला लगेच बाहेर काढायचं, "बरा आहे मी" म्हणाला तरी. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नंतरही नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. मेजर लीगनेही २०११ साली मेंदूला बसणाऱ्या धक्क्यासाठी जखमी खेळाडूंची सात दिवसांची वेगळी यादी केली, खेळाडूला घाईने परत उतरवलं जाऊ नये म्हणून. ती मुलगी दोन आठवड्यांनी परत आली. आल्या आल्या तिने हेल्मेट घातलं, खाली वाकली आणि माझ्यासमोर जोरजोरात मान हलवून दाखवली.