परराष्ट्र धोरणातला फाजील आत्मविश्वास कसा ओळखावा

परराष्ट्र धोरणातला एखादा निर्णय धाडसाचा होता की फाजील आत्मविश्वासाचा, हे केवळ त्याच्या परिणामावरून ठरवू नये. निर्णयाच्या दिवशी कोणती माहिती हाताशी होती आणि त्यातली कोणती बाजूला सारली गेली, ते पाहावे. चीनशी वाद असलेल्या सीमेवर पुढे जाऊन चौक्या उभारण्याचे, ‘फॉरवर्ड पॉलिसी’ या नावाने ओळखले जाणारे भारताचे १९६१-६२ चे धोरण अशा अभ्यासासाठी घ्यावे.

निर्णय ज्या गृहीतकावर उभा आहे, ते प्रथम एका वाक्यात लिहून काढावे. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत लडाखमध्ये शक्य तितके पुढे जाऊन चौक्या उभारण्याचे ठरले, तेव्हा ते वाक्य असे होते: आपली चौकी जिथे असेल, तिथे चीन बळाचा वापर करणार नाही. इंटेलिजन्स ब्युरोचा अंदाजही तसाच होता. हा अंदाज प्रतिपक्षाच्या इच्छेविषयी आहे, कुवतीविषयी नाही, हे येथे लगेच ध्यानात यावे. कारण इच्छा रातोरात पालटू शकते. पुढच्या चौक्यांच्या पाठीशी भक्कम तळ असावेत, असेही त्याच बैठकीत ठरले होते, परंतु डिसेंबरमध्ये सैन्याला गेलेल्या आदेशात ती अट उरली नाही. म्हणून मूळ निर्णय आणि प्रत्यक्ष आदेश नेहमी शेजारी ठेवून वाचावेत. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका त्या गळलेल्या अटीत होता.

मग पुराव्याचा अर्थ कसा लावला गेला, ते तपासावे. जुलै १९६२ मध्ये चिनी सैन्याने गलवानच्या चौकीला वेढा घातला, पण हल्ला केला नाही. हा इशाराही असू शकत होता. दिल्लीत मात्र ते गृहीतक खरे ठरल्याचे लक्षण मानले गेले.

विरोधी मत कोणाचे होते आणि त्याचे पुढे काय झाले, हेही शोधावे. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी १९५९ मध्ये चिनी आक्रमणाच्या शक्यतेचे टिपण सादर केले आणि मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या सरावात ते मांडून दाखवले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मानले नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा ते मत मांडणारा वजनदार माणूसही निर्णयाच्या वर्तुळातून गेला.

शेवटी, माघारीची वाट कधी बंद झाली ते पाहावे. चिनी सैन्याला हटवून आपला प्रदेश मोकळा करण्यास भारतीय सैन्याला सांगितले असल्याचे पंतप्रधान नेहरूंनी १२ ऑक्टोबर १९६२ रोजी जाहीरपणे म्हटले. तेव्हा ईशान्य सीमेवरील नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवींची ब्रिगेड अपुऱ्या दारूगोळ्यासह, उन्हाळी गणवेशात थंडी सोसत उभी होती. २० ऑक्टोबरच्या पहाटे तिच्यावर हल्ला झाला.