एडीएचडी असताना फेडिव्हर्सवर बस्तान कसे बसवावे

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या अवस्थेचे, निदान झाले आणि त्याच सुमारास मी मॅस्टडॉनवर खाते उघडले. मॅस्टडॉन हे २०१६ साली ऑयगन रोख्को यांनी जर्मनीत सुरू केलेले समाजमाध्यमाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आणि त्यासारखी इतर सॉफ्टवेअर चालवणारे हजारो स्वतंत्र सर्व्हर (सेवा पुरवणारे संगणक) ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीच्या आधाराने एकमेकांशी बोलतात आणि या साऱ्या पसाऱ्याला फेडिव्हर्स म्हणतात. तेथे जाताना मला सांगण्यात आले होते की, लक्ष खेचून घेणारा अल्गोरिदम तेथे नसल्यामुळे माझ्यासारख्या माणसाला ती जागा शांत वाटेल. ते बरेचसे खरे ठरले, कारण मुखपृष्ठावर आपण निवडलेल्या माणसांनी लिहिलेल्या वा पुढे पाठवलेल्या आणि निवडलेल्या हॅशटॅगच्या नोंदीच वेळेच्या क्रमाने येतात आणि त्या कधीतरी संपतात. मात्र कोणता सर्व्हर निवडायचा, काय पाहायचे, काय लपवायचे आणि कधी थांबायचे, हे सारे तेथे आपल्यालाच ठरवावे लागते. निर्णयांचा हा ढीगच आपल्याला सर्वांत आधी थकवतो, म्हणून पुढील सर्व सूचनांचा रोख शक्य तितके निर्णय एकदाच घेऊन मोकळे होण्याकडे आहे.

सर्व्हर निवडण्यासाठी अर्ध्या तासाचा गजर लावावा आणि गजर वाजला की समोर असलेल्यांपैकी बरा वाटेल तो घ्यावा. मी स्वतः तीन रात्री नियमावल्या वाचत बसले, तक्ता केला, त्याला रंग दिले आणि चौथ्या दिवशी तो तक्ता कोठे ठेवला हेच विसरले. पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. सर्व्हरच्या माहितीच्या पानावर नियम स्पष्ट लिहिलेले असावेत, चालवणाऱ्याशी संपर्क करण्याची सोय असावी आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास तीन महिने आधी सूचना देण्याचे वचन त्याने दिलेले असावे. मॅस्टडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरील यादीत येणाऱ्या सर्व्हरांना ही अट मान्य करावी लागते. निवड चुकली तरी फार बिघडत नाही, कारण खाते दुसरीकडे हलवता येते आणि आपले अनुसारक (फॉलोअर) आपोआप आपल्यामागे येतात. जुन्या नोंदी मात्र जुन्या जागीच राहतात.

येथे एक मेख आहे. अनुसारकांना नव्या पत्त्यावर पाठवण्याचे काम जुना सर्व्हरच करतो, त्यामुळे तो बंद पडल्यावर हाती काहीच उरत नाही. माझा पहिला सर्व्हर बंद होणार असल्याची सूचना मी आल्या दिवशीच वाचली, ‘रविवारी करू’ असे ठरवले आणि असे अनेक रविवार गेले. अशी सूचना दिसली की हातातले काम सोडून खाते त्याच वेळी हलवावे. शिवाय आपण ज्यांना अनुसरतो त्यांची यादी सेटिंगमधून सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेता येते. तिची आठवण, विजेचे बिल भरण्याच्या तारखेसारखी, दर तीन महिन्यांनी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी.

खाते उघडल्याच्या दिवशीच, उत्साह टिकून आहे तोवर, सेटिंगमध्ये जाऊन काही गोष्टी बदलून घ्याव्यात. स्लो मोड चालू केला की नव्या नोंदी आपोआप सरकत येत नाहीत, आपण कळ दाबू तेव्हाच दिसतात. बूस्ट करण्यापूर्वी, म्हणजे दुसऱ्याची नोंद पुढे पाठवण्यापूर्वी, विचारणा करण्याची सोयही चालू करावी, कारण अर्धवट वाचलेली बातमी पुढे ढकलण्याची आपली सवय त्या एका प्रश्नाने बरीच आवरते. हलती चित्रे आपोआप चालू होणे बंद ठेवावे. एखाद्या व्यक्तीच्या स्वतःच्या नोंदी आवडतात पण तिचे बूस्ट डोक्यावरून वाहतात, असे असेल तर फक्त तिचे बूस्ट लपवता येतात. निवडणूक किंवा क्रिकेट यांसारख्या विषयांसाठी शब्दांचे फिल्टर लावावेत आणि त्यांना मुदत घालावी, म्हणजे ते काढण्याचे काम पुन्हा आपल्या डोक्यावर राहत नाही.

वेळेचे भान हा मात्र सेटिंगने सुटणारा प्रश्न नाही. आमच्याकडे सकाळी सहा ते सात या वेळेत नळाला पाणी येते. एकदा मी नळाखाली पिंप सरकवले, तोटी सोडण्याआधी फोन हातात घेतला आणि एका अनोळखी माणसाच्या लिनक्सवरील प्रश्नाला उत्तर लिहू लागले. देवनागरी फाँट नीट का उमटत नाहीत असा तो प्रश्न होता, उत्तर मला येत होते आणि ते सविस्तर, मुद्देसूद लिहिण्यात मी इतकी गढून गेले की मान वर केली तेव्हा साडेसात वाजले होते. पिंप कोरडे होते, तोटी सोडली तर नुसती हवा आली आणि त्या दिवशी शेजारच्या काकूंकडून दोन बादल्या आणून भागवावे लागले. आता मॅस्टडॉन माझ्या फोनवर नाही. मी ते फक्त संगणकावर, बसून उघडते आणि उघडण्याआधी स्वयंपाकघरातला टायमर वीस मिनिटांवर लावून मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवते, कारण हाताशी असलेला गजर मी न कळत बंद करते; तो बंद करण्यासाठी उठावे लागले की तंद्री मोडते. मॅट्रिक्स या गप्पांसाठीच्या मुक्त जाळ्यावरील खोल्यांत सूचना केवळ आपला उल्लेख झाल्यावरच येतील अशी व्यवस्था करावी आणि त्याउपर ज्या खोलीत महिनाभर डोकावलो नाही ती सोडून द्यावी.

मनाला लागणाऱ्या उत्तरांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. एडीएचडी असलेल्या अनेकांना टीका इतरांपेक्षा अधिक झोंबते, आणि ५०० अक्षरांच्या नोंदीत स्वर हरवत असल्यामुळे साध्या दुरुस्तीचाही अपमान वाटू शकतो. अशा वेळी उत्तर लिहायचेच असेल तर ते वहीत लिहावे. माझ्या वहीतल्या अशा उत्तरांपैकी फार थोडी मी दुसऱ्या दिवशी पाठवली. त्या संभाषणाच्या सूचना बंद करता येतात आणि त्या व्यक्तीला एका दिवसापुरते म्यूटही करता येते. मला हे एका दिवसाचे म्यूट फार मोलाचे वाटते, कारण त्यात कायमचा निर्णय घ्यावा लागत नाही. कोणी खरोखर त्रास देत असेल तर मात्र विलंब न लावता नियंत्रकांकडे तक्रार करावी.

निदानाबद्दल लिहिण्याची ओढ प्रत्येकाला वाटते, आणि आपल्यासारखे लोक भेटल्याचा दिलासा खरोखरच मोठा असतो. तरी दोन तांत्रिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोंद पुसली की इतर सर्व्हरांना ती पुसण्याचा निरोप जातो, पण प्रत्येक सर्व्हर तो पाळेलच याची हमी नाही. तसेच मॅस्टडॉनवरील खासगी संदेश पूर्णपणे कूटबद्ध नसतात, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्याला ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येऊ शकतात. नोकरीतील अडचणी, घरातील भांडणे आणि औषधांची नावे पूर्ण नावाच्या खात्यावर लिहू नयेत. त्यासाठी टोपणनावाचे वेगळे खाते ठेवावे. तसेच इतरांचे अनुभव वाचून लक्षणे ओळखीची वाटली तरी निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे, कारण लक्षणे बारा वर्षांच्या वयाआधीपासून होती का, आणि झोपेची किंवा चिंतेची तक्रार तर त्यामागे नाही ना, हे तपासावे लागते. औषधाची मात्रा कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही बदलू नये.

सर्वांत मोठा खड्डा मात्र स्वयंसेवेचा आहे. हे समुदाय स्वयंसेवकांवर चालतात, कोणी ना कोणी सतत मदत मागत असतो आणि ‘मी करते’ हे शब्द आपल्या तोंडून पटकन निघतात. एका मुक्त सॉफ्टवेअरचा मराठी अनुवाद मी असाच अंगावर घेतला. पहिल्या रात्री जेवणही न करता मी साठ वाक्ये पूर्ण केली. ‘बूस्ट’ला मराठीत काय म्हणावे यावर दोन तास घालवले आणि अखेर ‘बूस्ट’च ठेवले. त्यानंतर चार महिने मी ते पान उघडले नाही. विचारणा करणारा संदेश फार सौम्य होता, पण शरमेपोटी मी त्याला उत्तर दिले नाही आणि हळूहळू त्या समुदायात जाणेच सोडले. काम राहिल्याचे दुःख ओसरले. चांगली माणसे दुरावल्याचे अजून आहे.

म्हणून आता मी पुढचे काम स्वीकारत नाही, झालेले काम देते. पाच वाक्यांचा अनुवाद झाला की तो पाठवते आणि तेथेच माझा शब्द संपतो. नियंत्रक होण्याचे आमंत्रण आले तर त्याच दिवशी होकार देऊ नये. आठवड्याने विचार करूनही करावेसे वाटले, तर महिनाभरापुरते आणि दुसऱ्या कोणाच्या जोडीने करावे. तक्रारी थांबून राहिल्या तर त्याची झळ खऱ्या माणसांना बसते, त्यामुळे आपले लक्ष उडेल त्या दिवशी सांभाळून घेणारा कोणी असणे आवश्यक आहे. आपण थांबत आहोत हे सांगण्याचे वाक्य आधीच लिहून ठेवावे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते असे आहे : ‘हे काम माझ्याकडून पुढे होणार नाही, झाले तेवढे सोबत जोडले आहे, कृपया दुसऱ्या कोणाला द्यावे.’

आणि कितीही व्यवस्था लावली तरी मधेच आपण दोन-तीन महिने गायब होतोच. परतताना साचलेल्या सूचना वाचत बसू नयेत. त्या एकदम पुसून टाकाव्यात, कारण ज्याचे काम अडले असेल तो पुन्हा विचारतो. लांबलचक खुलासाही लिहू नये. मी गेल्या वेळी अकरा आठवड्यांनी परतले तेव्हा खिडकीतल्या गवती चहाचा फोटो टाकला, त्याखाली चित्राचे वर्णन लिहिले आणि टायमर आणायला दुसऱ्या खोलीत गेले.