रंग झिजतो, म्हणूनच बूड स्वच्छ राहतं

दर पंधरा दिवसांनी मी होडीच्या कडेला पाण्यात उतरते आणि पाण्याच्या रेषेखाली हातभर खोल, बुडावरून तळवा फिरवते. हात नुसता घसरला तर काही करायचं नाही. बुळबुळीत लागलं तर त्याच दिवशी पुसून घ्यायचं. बारीक वाळूसारखं काही टोचलं, तर समजायचं की उशीर झालाय.

ते टोचणारे कण म्हणजे नुकतीच बसलेली बार्नेकल. दिसायला शिंपल्यासारखी, पण जात खेकड्या-कोळंबीची. पिल्लू असताना ते पाण्यात तरंगत फिरतं. शेवटच्या अवस्थेत खाणंपिणं बंद करून फक्त जागा शोधतं. पृष्ठभागावर चालून बघतं, पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतं आणि भोवती चुन्याचं घर बांधतं. एकदा बसलं की जन्मभर तिथेच. पुढे पाय बाहेर काढून पाणी ढवळायचं आणि अन्न ओढायचं, एवढंच त्याचं काम. हे एकदा कळलं की आपण नक्की कुणाशी झुंजतोय ते नीट समजतं. बसलेल्याला काढणं कठीण असतं, बसू न देणं त्याच्या मानाने खूप सोपं.

माझी होडी सात मीटरची, फायबरची, आतल्या इंजिनाची. पहिल्या वर्षी ती चार महिने एका जागी बांधून ठेवली आणि बुडाकडे पाहिलंच नाही. नंतर बाहेर काढली तर ज्या थ्रॉटलला सहा नॉट मिळायचे तिथे जेमतेम चार. दहा मिनिटांत इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. इंजिन थंड ठेवणारं समुद्राचं पाणी ज्या जाळीतून आत येतं, ती जाळी बार्नेकलनी जवळजवळ बंद केली होती. इंजिन वेळेत बंद केलं म्हणून वाचलं. तेव्हापासून हा पंधरवड्याचा नेम चुकवलेला नाही. पाणी गार असेल तर महिन्याने पाहिलं तरी चालतं. पाणी कोमट असेल आणि होडी उभीच असेल, तर आठवड्याने पाहावं. चालती होडी कमी माखते, उभी होडी भराभर माखते.

आता बुडाला लावायच्या रंगाबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या लाकडी जहाजाच्या बुडाला प्रयोग म्हणून तांब्याचा पत्रा मारला. बूड स्वच्छ राहिलं, पण तांबं जिथे लोखंडी खिळ्यांना भिडलं होतं तिथे खिळे गंजून गेले. पुढे १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने तांब्याच्या पत्र्याची झीज थांबवण्यासाठी त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. झीज खरोखर थांबली. आणि त्याच पत्र्यावर शेवाळ नि बार्नेकल जोमाने वाढायला लागली! तांबं झिजून थोडंथोडं पाण्यात उतरत होतं, म्हणूनच जीव बसत नव्हते. आजच्या बहुतेक रंगांतही हेच तत्त्व आहे. त्यांत तांब्याचा ऑक्साइड असतो आणि तो सावकाश बाहेर पडत राहतो. म्हणजे रंग झिजणं हा त्याचा दोष नव्हे, तेच त्याचं काम आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली की घासावं किती, कशाने आणि कधी, हे प्रश्न आपोआप सुटतात.

रंगाचे ढोबळ तीन प्रकार. एक झिजणारा: पाण्याच्या घर्षणाने वरचा थर निघत जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. दुसरा कडक: थर तसाच राहतो, आतलं तांबं मात्र झिरपून जातं. तो घासणं सोसतो, पण होडी बरेच दिवस कोरड्यावर राहिली तर बहुधा निकामी होतो. तिसरा सिलिकॉनचा: त्यात बहुधा विष नसतं, नुसता इतका गुळगुळीत की चिकटलेलं वेगाने जाताना निघून पडतं. होडी क्वचितच चालत असेल तर त्याचा उपयोग नाही. मी झिजणारा वापरते. होडी अॅल्युमिनियमची असेल तर तांब्याच्या ऑक्साइडचा रंग लावूच नका. तांबं आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पत्र्याला भोकं पडतात. त्या होड्यांसाठीचा रंग वेगळा मिळतो, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

पाण्यातच पुसायचं असेल तर भरती-ओहोटीच्या मधली, पाणी स्थिर असतानाची वेळ धरा. इंजिन बंद, चावी माझ्या कमरेच्या पिशवीत, धक्क्यावरून घेतलेली विजेची तार काढून ठेवलेली आणि वर एक माणूस माझ्याकडे लक्ष ठेवून. या चारांपैकी एकही गोष्ट नसेल तर मी उतरत नाही. धक्क्याजवळच्या पाण्यात गळकी वीज असली तर पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि माणूस बुडतो, गोड्या पाण्यात तर हा धोका जास्तच. तेव्हा या बाबतीत हयगय नको.

पुसायला मऊ स्पंज किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा घ्या. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून मागे, वरून खाली, हलक्या हाताने. पाण्याकडे बघत राहा. स्पंजाभोवती तपकिरी-हिरवट गढूळपणा दिसला तर ती बुळबुळीत साय निघतेय, छान. पण निळ्या होडीभोवती निळा ढग उठला तर तो तुमचा रंग आहे. लगेच हात हलका करा. मी सुरुवातीला खरखरीत ब्रशने असं चकाचक घासलं होतं की दोन तासांत कितीतरी महिन्यांचा रंग समुद्रात गेला, आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी सगळ्यात आधी बार्नेकल बसली. बुळबुळीत थर आठ-पंधरा दिवसांचा असेल तर नुसत्या फडक्याने निघतो. तो राहू दिला तर रंगातलं तांबं पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. काही बंदरांत पाण्यात बूड घासायला मनाई असते, कारण तांबं तळाशी साठतं आणि दुसरीकडून आलेले जीवही तिथेच सुटतात. तिथे होडी वर घेऊनच काम करायचं.

होडी वर घेतली की पहिला तास सोन्याचा. बाकी काहीही करण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. ओली साय फवाऱ्याने सरळ वाहून जाते. तीच वाळली की सिमेंटासारखी धरून बसते आणि मग दोन दिवस घासत बसावं लागतं. नोझल वीतभर दूर आणि तिरकं धरा. लाकडी होडीच्या फळ्यांच्या फटींत फवारा सरळ घुसवू नका, आतलं भरण निघून येतं.

बार्नेकलसाठी मी पुट्टी लावायची प्लास्टिकची रुंद पट्टी वापरते, कोपरे कानशीने गोल केलेली. पट्टी बुडाला जवळजवळ आडवी टेकवायची आणि कडेने खाली सरकवायची. वरून ठोकायचं नाही. नीट जमलं की बार्नेकल ‘कट्’ करून अख्खी उडते. मागे एक पांढरं चक्र राहतं, मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा असलेलं. हे चक्र म्हणजे तिच्या घराची फरशी, चुन्याची. त्यावर नुसता रंग लावला तर रंग तिथूनच सुटतो. फॉस्फोरिक आम्ल असलेलं सौम्य क्लीनर कुंचल्याने लावलं की बारीक फेस येतो, पाच मिनिटांत चक्र भुसभुशीत होतं. मग पट्टीने काढून भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे आणि गॉगल हवेतच. अॅल्युमिनियमवर आम्ल नको. आणि आम्लाजवळ ब्लीच कधीही आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. पाण्याच्या रेषेवर पडणारे पिवळट-तपकिरी डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात. बार्नेकलच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि त्या जखमा चिघळतात, म्हणून हातमोजे जाड घ्या.

आता बूड वाचायचं. माझ्या होडीला खालचा थर लाल असतो आणि वरचे दोन निळे. निळ्यातून लाल दिसायला लागलं की तिथला रंग संपला. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागे सुकाणूवर, नाळेच्या कडेला आणि पाण्याच्या रेषेलगत दरवर्षी लाल आधी डोकावतो. तिथे पाणी जास्त घासतं. म्हणून त्या जागांना मी एक थर जादा देते. फायबरच्या बुडावर फुगवटे दिसतात का तेही बघा. ते फोडायची वेळ आली तर गॉगल घाला, आतलं पाणी दाबाखाली असतं, चिळकांडी डोळ्यात जाते. त्या पाण्याला शिरक्यासारखा आंबूस वास असतो.

जुना रंग नीट धरून आहे का ते तपासायला ब्लेडने त्यावर फुली मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर सगळा काढावा लागेल. नाही आला तर ८० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी सोडत, नुसता खरखरीत करून घ्या. कोरडं घासू नका, हे कळकळीने सांगते. ती धूळ तांब्याची आणि विषारी असते. होडी जुनी असेल तर खालच्या एखाद्या थरात ट्रायब्युटिलटिन हे जुन्या रंगांतलं कथलाचं विषही असू शकतं. ते इतकं जहाल ठरलं की त्याने कालवांचे शिंपले वेडेवाकडे वाढू लागले, फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांसाठी ते बंद केलं आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच त्यावर बंदी आली. तेव्हा चांगला बसणारा मास्क, अंगभर कपडे, खाली ताडपत्री. ताडपत्रीवर जमलेला गाळ घातक कचरा म्हणूनच द्यायचा. पाण्यात ढकलायचा नाही. खालचा रंग कोणता आहे ते ठाऊक नसेल तर मध्ये जोडणारा प्रायमर लावा.

रंग किती लागेल? साध्या मोटरबोटीसाठी रुंदी आणि पाण्यातली खोली यांची बेरीज करून तिला पाण्याच्या रेषेवरच्या लांबीने गुणायचं, एवढा हिशेब पुरतो. माझी लांबी ६.५ मीटर, रुंदी २.४, खोली ०.५. म्हणजे ६.५ गुणिले २.९, जवळपास १९ चौरस मीटर. एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतात ते डब्यावर असतं. हिशेबाने आणलेला सगळा रंग संपवा. शेवटी डब्यात बराच उरला तर तुम्ही हात काटकसरीने फिरवलाय आणि थर पातळ गेलाय. पातळ थर लवकर संपतो.

तांब्याचा ऑक्साइड पाण्याच्या सहापट जड. तो डब्याच्या तळाशी घट्ट बसतो. मी आदल्या रात्री डबा उलटा करून ठेवते आणि सकाळी चपट्या लाकडी पट्टीने तळ खरवडून, पट्टीला गुठळी लागेनाशी होईपर्यंत ढवळते. वरवर ढवळलं तर पहिली बाजू नुसत्या पातळ राळेने रंगते आणि डब्यातलं खरं औषध तळाशीच राहतं. काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहायचं. रोलर आखूड लवीचा. ज्या टेकूंवर होडी उभी आहे त्यांच्याखालच्या जागा राहून जातात. टेकू हलवायचे ते यार्डातल्या जाणत्या माणसाकडून, एका वेळी एकच.

दोन ठिकाणी हा रंग लावायचा नाही. जस्ताचे अॅनोड उघडेच राहिले पाहिजेत, झाकले तर ते झिजत नाहीत आणि त्यांच्याऐवजी पंखा नि दांडा झिजतात. रंगवताना त्यांच्यावर मास्किंग टेप लावते आणि टेप काढल्याची खूण वहीत करते. खोली मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडावरही हा रंग नको, त्याला पाण्यात मिसळणारा वेगळा पातळ रंग असतो. पंखा घासून लख्ख करून त्यावर लॅनोलिन चोळते. गरम करून, जाडसर. ते वर्षभर टिकत नाही, पण त्यावर बसलेलं हाताने निघतं.

शेवटचा थर वाळल्यावर होडी किती तासांनी पाण्यात सोडायची आणि जास्तीत जास्त किती दिवस बाहेर ठेवायची, हे दोन्ही आकडे डब्यावर असतात. दोन्ही पाळा.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी नेणाऱ्यांनी एवढं करावं: बूड धुवा, आतलं सगळं पाणी काढा, पूर्ण वाळू द्या. झेब्रा शिंपल्यांसारखे जीव अशाच होड्यांवरून नव्या पाण्यात पसरले आहेत, आणि एकदा पसरले की त्यांना तिथून काढता येत नाही.

होडी पाण्यात सोडली की मी वहीत तारीख, रंगाचं नाव, थर किती आणि लिटर किती ते लिहिते. त्याखाली पुढच्या पंधराव्या दिवसाची तारीख.